सिस्टर सेलिन आणि तुमचं ते ‘असूनही’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानातल्या बायकांवर अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, आणि त्या पानाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सिस्टर मेरी सेलिन फासेनमायर हे नाव बघून तर मी पेपर परत डोळ्यांजवळ नेला, कारण मराठी पेपरात हे नाव कधी छापून येईल असं मला वाटलंच नव्हतं. गणितवाल्यांमध्येसुद्धा ते सगळ्यांना माहीत असतं असं नाही. पण चौकटीचं पहिलंच वाक्य ‘नन असूनही त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली’ असं आहे आणि मी तिथेच अडकले. पुढच्या तीन ओळींत जन्माचं साल चुकलंय, सेलिनचं सेलिना झालंय, ते घाईत होतं, छपाईच्या चुकांवर पत्र लिहिणाऱ्यातली मी नाही. पण हे ‘असूनही’ घाईत आलेलं नाही, तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला समज आहे आणि या बाईंच्या बाबतीत तो साफ उलटा आहे, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे हे आधीच सांगते. कात्री लावायची तर मधे कुठेतरी लावा, शेवटाला लावू नका, शेवटी एक काम आहे.

मी गणित शिकवते, ख्रिश्चन नाही, त्यामुळे चर्चची वकिली करायला बसलेय असं कुणी समजू नये. ग्यालिलिओचं काय झालं ते मलाही माहितीये आणि या पत्राला तेच उत्तर पहिलं येणार हेही माहितीये.

सेलिन यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९०६ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात क्राउन नावाच्या छोट्याशा वस्तीतला. हा सगळा तेलाचा मुलूख. तिथल्याच टायटसव्हिलला १८५९ साली एडविन ड्रेकने जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढलं होतं आणि मग सगळं जगच त्या तेलावर चालायला लागलं. सेलिन वर्षाच्या असताना आई गेली. शाळा टायटसव्हिललाच झाली, गणितात चांगली गती होती, पण शाळेनंतर सरळ युनिव्हर्सिटी वगैरे काही नाही, दहाएक वर्षं मुलांना शिकवणं आणि स्वतः शिकणं दोन्ही एकदम चालू होतं, आणि १९३३ साली एरी शहरातल्या मर्सीहर्स्ट कॉलेजची बीए हातात आली. म्हणजे पदवी मिळाली तेव्हा वय सव्वीस. त्याच सुमारास त्या सिस्टर्स ऑफ मर्सी या ननच्या संघात गेल्या. हा संघ मूळ डब्लिनचा, कॅथरीन मॅकॉली नावाच्या बाईने १८३१ साली काढलेला, गरीब मुलींना शिकवणं आणि आजारी माणसांची सेवा करणं हे त्यांचं मूळ काम, आणि एरीचं ते कॉलेजसुद्धा याच सिस्टर्सनी १९२६ साली सुरू केलेलं.

आता मेख इथे आहे. मुलींसाठी कॉलेज काढायचं तर शिकवायला माणसं लागतात, कॉलेजला मान राहायचा तर त्यातली काही डॉक्टरेटवाली लागतात, बाहेरून आणायची तर पगार मोजावा लागतो आणि तेवढा पैसा कुठल्या मठाकडे असणार, मग त्या काळात अमेरिकेतल्या अनेक संघांनी सरळ हिशोब केला की आपल्याच सिस्टरना शिकायला पाठवा. वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत ऑब्री लँड्री नावाचे एक गणिताचे प्रोफेसर होते, त्यांच्या हाताखाली तर एकामागून एक सिस्टर गणितात डॉक्टरेट करून गेल्या. सेलिनना संघाने आधी पिट्सबर्गला पाठवलं, तिथे १९३७ साली एमए झालं, मुख्य विषय गणित आणि जोडीला फिजिक्स. मग १९४२ च्या शरदात संघाने सांगितलं की आता मिशिगन युनिव्हर्सिटीत जा आणि पीएचडी करून ये.

पाठवलं. सांगितलं. ही दोन क्रियापदं बघा आणि मग तुमचं ‘असूनही’ बघा.

पस्तीस-छत्तीस वय, मधे महायुद्ध चालू, आणि चार वर्षं शिकवणं बाजूला ठेवून दुसऱ्या राज्यात जाऊन फक्त गणित करायचं, ही चैन त्या काळात अमेरिकेतल्या किती बायकांना परवडली असती? संसारी बाईला तर नाहीच. तिकडे तेव्हा कितीतरी ठिकाणी शाळेत शिकवणाऱ्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची असा सरळसरळ नियमच होता, आणि हे कुणी मठातले लोक नाही, साधे शाळेचे बोर्डवाले करत होते. म्हणजे लग्न केलं तर शाळा गेली, नाही केलं तर घर आणि म्हातारे आईवडील गळ्यात, आणि तिसरा रस्ता जो होता तो या मठाच्या दारातून जात होता. त्या नन होत्या म्हणून त्यांची पीएचडी झाली असं मी लिहिलं तर ते थोडं जास्त होईल, अंगात गणित नसतं तर कुणी कितीही पाठवून काय होणार होतं, पण ‘असूनही’पेक्षा ते खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

आणि आता दुसरी बाजूपण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भारावली. नन होताना तीन शपथा असतात, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. तिसरी सगळ्यात अवघड असावी असं मला नेहमी वाटतं. जा म्हटलं की जायचं तसं ये म्हटलं की यायचं. १९४६ साली डॉक्टरेट झाली, मग त्या कामावरचे दोन पेपर आले आणि सिस्टर परत मर्सीहर्स्टला येऊन मुलींना शिकवायला लागल्या. त्यानंतर संशोधन नाही. एकही पेपर नाही. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास, पुढे पन्नास वर्षांचं आयुष्य होतं. म्हणजे ज्या हाताने दार उघडलं त्याच हाताने परत वर्गात नेऊन बसवलं, आणि यातलं एकच सांगायचं आणि दुसरं गाळायचं हे बरोबर नाही. त्यांना याचं वाईट वाटलं असेल का यावर मी काही लिहिणार नाही, मेलेल्या माणसाच्या मनात शिरून रडणारे लेख आपल्याकडे आधीच खूप येतात. शिकवणं हे खालचं काम आणि पेपर छापणं हे वरचं काम हे तरी कुणी ठरवलं? मी तीन वर्गांचे पेपर तपासते आणि वर्षाला एकही शोध लावत नाही, तरी रात्री झोप येते.

तुमच्या चौकटीत त्यांनी केलं काय हे मात्र आलंच नाही. ‘किचकट गणिती सूत्रांवर काम’ एवढंच आहे. किचकट नाहीये हो. गणित म्हटलं की वाचक पळतो असं तुम्ही लोक का धरून चालता देव जाणे, तुमच्याच पेपरात सुडोकू रोज येतं. मी सांगून बघते, कागद पेन्सिल घ्या.

तो आकड्यांचा डोंगर आठवतोय का, पास्कलचा त्रिकोण म्हणतात तो, आपल्याकडे पिंगलाच्या छंदशास्त्रावर लिहिताना हलायुधाने दहाव्या शतकात मांडला आणि मेरुप्रस्तार म्हटलं. वर १. खाली १ १. त्याखाली १ २ १. मग १ ३ ३ १. मग १ ४ ६ ४ १. प्रत्येक आकडा म्हणजे डोक्यावरच्या दोघांची बेरीज. आता प्रत्येक ओळीची बेरीज करा. १, २, ४, ८, १६, दर वेळी दुप्पट. का दुप्पट? खूप जणांना दुप्पट होते हे पाठ असतं पण का ते विचारलं की गप्प. कारण असं की वरच्या ओळीतला प्रत्येक आकडा खालच्या ओळीत दोनदा वापरला जातो, एकदा डावीकडच्याला आणि एकदा उजवीकडच्याला, मग खालची बेरीज वरच्याच्या दुप्पट झाली नाही तर नवल. झालं, एवढंच. यात काय झालं ते नीट बघा. सुरुवातीला आपल्याकडे एक शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा नियम होता, म्हणजे हा आकडा त्या दोघांवरून येतो असा, आणि बेरीज करताना आडवी जागा पुसली गेली आणि उरला तो फक्त ओळी-ओळींमधला नियम, की ही बेरीज मागच्या बेरजेवरून अशी येते. डोंगर गेला, जिना उरला.

हे सोपं होतं. आता त्याच ओळीतल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करा आणि मग बेरीज करा. १ १ चे २. १ २ १ चे होतात १, ४, १ म्हणजे ६. पुढच्या ओळीचे १, ९, ९, १ म्हणजे २०. पुढच्या ओळीचे १, १६, ३६, १६, १ म्हणजे ७०. तर २, ६, २०, ७०. इथे दुप्पट वगैरे काही दिसत नाही. पण नियम आहे. सगळ्यात वरचा एकटा १ सोडून ओळी मोजा, मग चौथ्या ओळीसाठी ४ गुणिले ७० करा, २८० येतात, आणि १४ गुणिले २० करा, तेपण २८०. तिसऱ्या ओळीला ३ गुणिले २० म्हणजे ६०, आणि १० गुणिले ६ म्हणजे ६०. डावीकडे ओळीचा नंबर, उजवीकडे त्या नंबराची चौपट वजा दोन, आणि हे कितीही खाली जा, चालतच राहतं. असा नियम हाताशी असला की शंभराव्या ओळीचे वर्ग करत बसायला नको, जिना चढत जायचं.

प्रश्न असा की हा नियम सापडतो कसा. पूर्वी तो सापडायचा म्हणजे कुणातरी हुशार माणसाला सुचायचा, एकाला एक युक्ती सुचली, दुसऱ्या बेरजेला दुसरी युक्ती, प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली. सिस्टर सेलिननी काय केलं तर सांगितलं की युक्ती नको, सुचायची वाट बघायला नको. आधी धरूनच चाला की शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा असा काहीतरी नियम आहे, त्यातले गुणक माहीत नाहीत म्हणून त्यांना नुसती अक्षरं द्या, मग सगळं एका छेदावर आणा, वर जे उरेल ते शून्य व्हायला पाहिजे, आणि शून्य व्हायचं तर प्रत्येक घाताचा गुणक शून्य झाला पाहिजे. यातून जी समीकरणं मिळतात ती एकसामयिक समीकरणं, दहावीत दोन चलांची सोडवतो ना त्यांचीच मोठी भावंडं. सोडवा. सुटली तर नियम मिळाला, नाही सुटली तर अजून एकदोन शेजारी जास्त घ्या आणि परत करा. त्यांनी स्वतः हे हायपरजॉमेट्रिक म्हणतात त्या जातीच्या बहुपदींसाठी केलं होतं, माझं वर्गांचं उदाहरण त्यांच्या थिसिसमधलं नाही, पण खानदान एकच, त्यामुळे रेसिपी तीच लागू पडते.

यातलं सौंदर्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अजिबात कळलं नव्हतं, उलट वाटलं की अरे हे तर नुसतं राबणं आहे, डोकं कुठे लावलंय? पानभर समीकरणं मांडायची आणि हमालासारखी सोडवायची. एका रात्री तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या पुरवणीच्या कोऱ्या पाठीवर वर्गांची बेरीज त्यांच्या पद्धतीने करायला बसले, पाऊण तास गेला, दोनदा चिन्ह चुकलं, पण शेवटी तो ‘चौपट वजा दोन’ आपोआप बाहेर आला, मला काहीही न सुचता, आणि तेव्हा लक्षात आलं की हेच तर आहे. काहीही न सुचता! ज्या कामात सुचावं लागत नाही ते काम मशीनला सांगता येतं. आणि हे त्यांनी लिहिलं तेव्हा सांगायला मशीन नव्हतं. म्हणजे नुकतं कुठे येत होतं, एनिऍक नावाचा तो खोलीभर कॉम्प्युटर लोकांना दाखवला गेला तो फेब्रुवारी १९४६ मध्ये, फिलाडेल्फियात, सेलिनबाईंच्याच राज्यात, त्यांच्या डॉक्टरेटच्याच वर्षी. दोघांची गाठ पडायला पुढे तीन-चार दशकं जायची होती.

त्यांचे गाइड अर्ल रेनव्हिल, मिशिगनचे. त्यांचं मोठेपण असं की विद्यार्थिनीचं काम त्यांनी कपाटात ठेवलं नाही. सेलिनबाईंचा पहिला पेपर १९४७ चा, सात पानांचा, दुसरा १९४९ चा, तो तर जेमतेम चार पानांचा. चार पानं! हल्ली नुसत्या आभाराला दोन लागतात. हे पेपर फार कुणी उघडले नाहीत, पण रेनव्हिलनी १९६० साली स्पेशल फंक्शन्स या गणिताच्या शाखेवर पुस्तक लिहिलं त्यात सिस्टर सेलिनची पद्धत त्यांच्या नावानिशी घातली, आणि गणितातला पुढचा प्रवास त्या पुस्तकातून झाला. विद्यार्थिनीच्या नावानिशी, हे परत वाचा, गाइड लोकांनी तर नक्की वाचा.

डोरॉन झाइलबर्गर नावाच्या गणितज्ञाने ती पद्धत उचलली आणि १९८२ साली त्यावर मोठा पेपर लिहिला, पेपरच्या शीर्षकातच सिस्टर सेलिनचं नाव. हा माणूस एक नमुनाच आहे, आपल्या कॉम्प्युटरला शलोश बी. एखाद असं नाव देऊन पेपरवर सहलेखक म्हणून लावतो, शलोश म्हणजे हिब्रूत तीन आणि एखाद म्हणजे एक, त्याच्या जुन्या मशीनच्या मॉडेलचं नाव. तर याने आणि हर्बर्ट विल्फ यांनी मिळून सेलिनच्या कल्पनेला इतकं पुढे नेलं की अशा बेरजांची सूत्रं खरी की खोटी हे आता कॉम्प्युटर ठरवतो आणि खरी असतील तर पुरावाही देतो, एवढासा, जो माणसाने हाताने तपासून घ्यावा. याला त्या दोघांच्या आडनावांवरून डब्ल्यूझेड म्हणतात आणि त्यासाठी दोघांना गणितातलं १९९८ चं स्टील प्राइझ मिळालं. आणि गंमत बघा, विल्फ फिलाडेल्फियातच शिकवत होते, झाइलबर्गरही त्या काळात तिथेच, आणि सिस्टर सेलिन त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, एरी सरोवराच्या काठी.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की आज कुणी मोठं गणित करताना सेलिनची मूळ पद्धत वापरत नाही, ती हळू आहे, समीकरणं फार होतात, झाइलबर्गरची नंतरची पद्धत खूप वेगवान आहे. पण विल्फ, झाइलबर्गर आणि मार्को पेत्कोवशेक यांनी १९९६ साली या विषयावर ‘ए इक्वल्स बी’ हे पुस्तक काढलं त्यात अख्खं एक प्रकरण सिस्टर सेलिनच्या पद्धतीवर आहे आणि कॉम्प्युटरकडून होणाऱ्या पुराव्यांची सुरुवात त्यांच्या थिसिसपासून धरलीये. त्यासोबतच्या प्रोग्रॅममध्ये एक कमांडच आहे, नाव ‘सेलिन’. टाइप करायचं, एंटर मारायचं, आणि माझ्या पाऊण तासाचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर. दोनदा चिन्ह न चुकता. मला थोडा रागच आला होता.

पुस्तक आलं त्याच वर्षी, २७ डिसेंबर १९९६ ला, नव्वदीत त्या गेल्या.

अजून एक. न्यूटनची पद्धत न्यूटनच्या आडनावाने ओळखतात, गॉसची गॉसच्या. ही मात्र सिस्टर सेलिनची पद्धत. फासेनमायरची पद्धत असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हणजे गणितवाल्यांनी त्यांचं ननपण लपवलं नाही की त्यावर आश्चर्यही केलं नाही, सरळ नावात घेऊन टाकलं. आपल्याकडे देवळालीचे कापरेकर, ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे, त्यांच्या नावापुढे ‘शाळामास्तर असूनही’ लावणारे अजून भेटतात, तोच रोग.

तुमच्या त्याच पानावर खाली ‘हेही वाचा’ म्हणून दोन ओळींत बाकीच्या नन उरकल्यात, त्याबद्दलही बोलते. व्हॅटिकनच्या वेधशाळेतल्या चार सिस्टर, त्यांना तुम्ही ‘मदतनीस’ म्हटलंय. आकाशाचा नकाशा करायचं मोठं आंतरराष्ट्रीय काम चाललं होतं, प्रत्येक वेधशाळेला आकाशाचा एक पट्टा वाटून दिलेला, व्हॅटिकनच्या वाट्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर काढले होते. त्या प्लेटा मायक्रोस्कोपखाली धरून एकेक ठिपक्याची जागा मोजायची आणि मोठ्याने सांगायची, दुसरीने वहीत उतरवायची, असं १९१० ते १९२१ त्यांनी केलं आणि ४,८१,२१५ ताऱ्यांच्या जागा नोंदल्या. पावणेपाच लाखांच्या वर. ही मदत? मग काम कशाला म्हणायचं? त्यांची नावंही जगाला नीट कळली ती २०१६ मध्ये, वेधशाळेच्या जुन्या कागदांतून, एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलंबो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पांचेरी. तोवर जुन्या फोटोतल्या निनावी नन एवढीच ओळख होती. नावं छापायला तुम्हाला अर्धी ओळ लागली असती.

आणि दुसऱ्या सिस्टर मेरी केनेथ केलर. त्यांनी बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा बनवली असं तुम्ही लिहिलंय, हे व्हॉट्सऍपवरून आलंय हे मी पैजेवर सांगते, कारण मलाच तो फॉरवर्ड तीनदा आलाय. बेसिक डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये आणली, काम बरंचसं विद्यार्थ्यांनी केलं. केलरबाईंना हे उसनं श्रेय लागतच नाही. १९६५ साली विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतून कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी, अमेरिकेतली या विषयातली पीएचडी मिळवणारी पहिली बाई, आणि पहिला माणूस म्हणायचं तर त्याच दिवशी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत आयर्व्हिंग टँग यांनाही या विषयातली डॉक्टरेट मिळाली, म्हणून दोघं मिळून पहिले. मग आयोवातल्या डुब्यूक गावी क्लार्क कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचा विभाग काढून वीस वर्षं चालवला, १९८५ मध्ये गेल्या. क्लार्कसुद्धा सिस्टरांनीच काढलेलं मुलींचं कॉलेज. परत तेच, कॉलेज सिस्टरांचं, शिकवणारी सिस्टर, शिकायला पाठवलेली सिस्टर. एकदा योगायोग म्हणाल, दोनदा म्हणाल.

चर्चने बायकांना काय नाकारलं त्याची यादी वेगळी आहे, लांब आहे, आणि त्यावर कुणी लेख लिहिला तर मी तोही वाचीन, बहुतेक पटेलही. पण ती यादी खरी आहे म्हणून ही गोष्ट खोटी होत नाही. ज्या जगात बाईला स्वतःची खोली, स्वतःचा वेळ आणि शिकायला कुणाची तरी परवानगी एवढं एकत्र मिळणं दुरापास्त होतं तिथे काही हजार बायकांना ते मठात मिळालं, बदल्यात त्यांनी जे दिलं ते कमी नव्हतं, आणि हा सौदा बरा की वाईट हे ठरवायला मी त्यांच्या जागी नव्हते.

तर माझी मागणी छोटी आहे. येत्या रविवारी दुरुस्ती छापा. जन्मसाल १९०६ करा, सेलिनाचं सेलिन करा, बेसिकची ओळ काढा, वेधशाळेतल्या चौघींची नावं द्या. फोटोबद्दल म्हणाल तर तो कुणाचा आहे मला माहीत नाही, पण सेलिनबाईंचा नाही, चौकटीतल्या बाई विशीतल्या आहेत आणि हातात टेस्ट ट्यूब आहे. बीजगणित करणाऱ्या बाईच्या हातात टेस्ट ट्यूब कशाला हो? कागद द्या, पेन्सिल द्या, काहीच नसेल तर मेरुप्रस्तार छापा, तेवढ्याच जागेत पाच ओळी बसतात. आणि ‘असूनही’च्या जागी काय लिहायचं असं तुमचे उपसंपादक विचारतील तर काहीच लिहू नका. ‘सिस्टर सेलिन यांनी १९४६ साली मिशिगन युनिव्हर्सिटीतून गणितात डॉक्टरेट मिळवली.’ वाक्य पूर्ण आहे.

आपली,
एक गणित शिकवणारी वाचक

ता.क. ज्यांनी खरंच पेन्सिल उचलली त्यांच्यासाठी: पुढची ओळ १ ५ १० १० ५ १. वर्ग न करता आधी नियमाने काढा, ५ गुणिले उत्तर बरोबर १८ गुणिले ७०. मग वर्ग करून ताडून बघा. दोन्हीकडून २५२ आलं पाहिजे. नाही आलं तर बेरीज परत करा, नियम बरोबर आहे.